टीव्हीची पाठ

शोभाचा धाकटा दीर कल्याण करोनात गेला, त्याच्या तिसऱ्या वर्षी वैशाखात शेवगावच्या नेवासे रोडवर तिच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या. गिलावा अजून व्हायचा होता. विटा उघड्या होत्या, चौकटी बसल्या होत्या पण दारं नव्हती, आणि गरम वारा या खोलीतून त्या खोलीत मोकाट जनावरासारखा फिरत होता. दाऊद वायरमन हातात खडू घेऊन भिंतींवर चौकोन काढत होता. जिथे चौकोन, तिथे बोर्ड येणार होता. टीव्ही कुठे, नेटचा डबा कुठे, नेटची वायर कुठल्या कुठल्या खोलीत न्यायची, हे शोभाच्या मुलाने, सुहासने, पुण्याहून फोनवर त्याला समजावलं होतं. घोटाळा नको म्हणून दाऊदने प्रत्येक चौकटीलगत खोलीचं नाव खडूने लिहून ठेवलं होतं. शोभा ती नावं वाचत निघाली. तिला अक्षर आलं ते पंचेचाळिशीत. अजूनही लिहिलेलं काही दिसलं की ओठ हलवून वाचल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. सुहास. मनवा. देवघर. बाबा. हॉल. स्वयंपाकघराच्या चौकटीला काहीच लिहिलेलं नव्हतं, ओट्यावरून ते ओळखू येत होतं. ती मागे फिरली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचत आली.

"माझी कुठली रं, दाऊद?"

"तुमची?" दाऊदने खडू कानावर ठेवला. "तुमी काकांच्याच खोलीत की. का आता म्हातारपनी काडीमोड घ्यायचाय?"

तो हसला. तीही हसली. हसता हसता तिला वाटलं, छातीच्या आत कुणीतरी चौकट उपटून काढली आणि आता तिथे भोक आहे. दाऊद मात्र कामाला लागला होता. 'बाबा' लिहिलेल्या खोलीत जाऊन त्याने पलंगाची जागा पावलांनी अंदाजली, समोरच्या भिंतीकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "काकू, टीव्ही हितं समोर घेऊ ना? पडल्या पडल्या दिसंल त्यास्नी. आत्ताच काय ते सांगा. एकदा गिलावा झाला की माझ्या नावानं शिमगा करायचा न्हाई."

"हितं नको," शोभा म्हणाली.

"मग ह्या अंगाला?"

"ह्या खोलीतच नको. टीव्ही हालमधी. एकच."

हे आपण बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. आधी तिने काही ठरवलं नव्हतं. तोंडातून दात पडावा तसे ते शब्द पडले होते, आणि आता त्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जात होती, आणि दुखत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. ती हॉलमध्ये गेली आणि हॉल आणि बाबांची खोली यांच्या मधल्या भिंतीवर तिने तळवा ठेवला. भिंत एक विटेची होती. पलीकडे पलंग भिंतीला लागून येणार होता, कारण दुसऱ्या बाजूला खिडकी होती आणि तिच्या नवऱ्याला, गुरुजींना, वारं सोसत नव्हतं. "टीव्ही ह्या भिंतीला लाव," ती म्हणाली. "पाठ तिकडं."

दाऊदने तिच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग खडू काढून चौकोन काढला.

नारायण गुरुजी त्या वेळी बाजारपेठेमागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत खाटेवर पडून होते. मागल्या दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. हायस्कुलात चौतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या तोंडातून आता 'ते, ते' एवढंच निघत होतं. डावा हात तेवढा शाबूत होता आणि त्या हातात रिमोट होता. खाटेच्या पायथ्याशी टीव्ही, आणि सकाळपासून झोप लागेपर्यंत बातम्या. शोभा त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची. ती खाटेच्या आणि टीव्हीच्या मधे आली की डावा हात उठायचा आणि रिमोटने तिला बाजूला हो म्हणून खुणवायचा. ओल्या फडक्याने त्यांची पाठ पुसताना तिला कधीकधी वाटे, हे शरीर म्हणजे शाळेची बंद पडलेली इमारत आहे. वर्ग मोकळे, फळे पुसलेले, पण हेडमास्तरांच्या खोलीत अजून दिवा आहे.

ती त्यांच्या घरी आली तेव्हा तेरा वर्षांची होती. आईबाप पाथर्डीकडचे, दसरा झाला की ऊस तोडायला बाहेर पडणारे. तीही फडात वाढलेली. उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायची, मोळी उचलायची. पायांना पाचटाचे ओरखडे घेऊन ती सासरी आली. नवरा मुलगा शिकतोय एवढंच बापाला कळलं होतं, आणि त्यावर तो खूश होता. नारायण शिकला, गुरुजी झाला, आणि शिकलेल्या माणसाला जशी जुनी चप्पल दारात दिसू नये वाटते तसं त्याला शोभाचं झालं. तो तिला मारत नसे. हे ती स्वतःशी नेहमी न्यायाने कबूल करी. दुसऱ्यांचे नवरे मारत होते. गुरुजी फक्त हसायचे. घरी कुणी मास्तर आले की म्हणायचे, "आमच्या सौभाग्यवतींना दोनच अक्षरं येतात, एक चहा आणि दुसरं साखर." आणि मास्तर हसत. तिने एकदा, सुहास शाळेत जायला लागला तेव्हा, पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसून बघितलं होतं. त्यांनी पाटी हातात घेतली, तिच्यावर एक 'अ' काढला, इतका सुंदर की बघत राहावं, आणि म्हणाले, "हा पुसू नकोस. पुसलास तर पुन्हा तुला काढता यायचा नाही." पाटी बाजूला ठेवून ते फिरायला गेले. तो 'अ' कितीतरी दिवस पाटीवर होता. शेवटी सुहासने थुंकी लावून पुसला.

घरात टीव्ही आला तेव्हा तो पुढच्या खोलीत, मधल्या भिंतीला टेकून ठेवला गेला. त्याला लाकडी दारं होती आणि दारांना कुलूप. किल्ली गुरुजींच्या करगोट्याला. संध्याकाळी आळीतली माणसं येत, सतरंजी पसरली जाई, आणि गुरुजी मधलं दार ओढून घेत. भाकरीचा धूर पुढे येतो म्हणून. भिंतीच्या अलीकडे चूल, नंतर गॅस, आणि शोभा. पलीकडे टीव्हीची पुढची बाजू, अलीकडे त्याची पाठ. तिला सगळं ऐकू यायचं. रविवारी सकाळी शंख वाजायचा, घोडे धावायचे, बाणांचे सूंसूं आवाज यायचे. रात्री बायका रडायच्या, सासवा बोलायच्या, कुणाचा तरी नवरा कुठून तरी परत यायचा. पीठ मळता मळता ती त्या आवाजांना तोंडं देत असे. अमक्या आवाजाची बाई ठेंगणी, गालावर तीळ. तमक्या आवाजाचा माणूस तिच्या बापासारखा काटकुळा. कितीएक वर्षं तिने ती सगळी माणसं अशी आपल्या डोक्यात वागवली. मग एकदा शेजारच्या लग्नघरात टीव्ही चालू होता आणि तिने त्या तीळवाल्या बाईचा आवाज ऐकला. वळून बघितलं तर पडद्यावर कुणी उंच, गोरी, नाकेली बाई बोलत होती. शोभा तिथून उठून मांडवाच्या मागे गेली. आपल्या माहेरचं कुणीतरी गेलं असं तिला रडू आलं. कुणी विचारलं तर काय सांगणार? ती म्हणाली, कांदा लागला.

पण मधली भिंत म्हटलं की तिला आठवे ती साखर कारखान्यांच्या हंगामातली एक संध्याकाळ. बातम्या लागल्या होत्या. कुकर गॅसवर होता. "पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर..." असं भिंतीतून आलं, आणि कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, सगळ्या घराला फाडत जाणारी शिट्टी. ती संपली तेव्हा बातमीत कुणी मंत्री बोलत होता. शोभाने मधलं दार उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते दार न विचारता उघडलं होतं.

"काय म्हनले हो? कुठल्या गावचा ट्रॅक्टर?"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. ती नजर तिला नीट आठवते. तिच्यात राग नव्हता. चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघावं तशी ती होती.

"तुझ्या कामाचं काही नाही. दार लोटून घे. पानं घे."

तिने पानं घेतली. वाढलं. त्यांनी भात मागून घेतला. सुहास बोलत होता, ती हसलीसुद्धा कशाला तरी. सकाळी माहेरची जीप आली. ट्रॅक्टर पुलावरून उलटला होता आणि तिचा भाऊ श्रीमंत मोळ्यांखाली गेला होता. पाठचा भाऊ. तिने पाठीवर वाहिलेला. आणि जीपच्या ड्रायव्हरशी बोलताना गुरुजी म्हणाले, "हो, काल बातम्यांत नाव सांगितलं." तिने ऐकलं. नंतर, तेरावं झाल्यावर, तिने विचारलं तेव्हा ते वर्तमानपत्राची घडी न मोडता म्हणाले, "रात्री गाडी नव्हती. सांगून काय केलं असतंस? उपाशी राहिली असतीस, एवढंच." त्यात चूक काही काढता येत नव्हती. त्यांच्या कुठल्याच वाक्यात चूक काढता येत नसे. तेव्हापासून कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की शोभा आधीच गॅस बारीक करून टाके, आणि भिंतीला कान देऊन उभी राही, जणू ते नाव अजून पलीकडे अडकून आहे आणि केव्हातरी ऐकू येईल.

अक्षरं तिला नातीने दिली. मनवा चार वर्षांची, उजळणीचं पुस्तक घेऊन आजीच्या मांडीवर बसायची. ती बोट ठेवायची, शोभा बघायची. मनवाला कळलंसुद्धा नाही की पुस्तक दोघी वाचतायत. स्टँडवर एसटीच्या कपाळावरची पाटी तिने एक दिवस आपली आपण वाचली, 'पाथर्डी', आणि ती गाडी निघून गेली तरी ती तिथेच उभी होती. गुरुजींना तिने हे कधी सांगितलं नाही. ज्या घरात एक 'अ' पुसायची भीती घातली होती, त्या घरात तिने सगळी बाराखडी चोरून आणून ठेवली.

रात्री सुहासचा फोन आला. "आई, दाऊदभाई काय म्हणतायत? बाबांच्या खोलीत टीव्हीच नाही? त्यांना त्याच्याशिवाय दुसरं आहे काय?"

"डाक्टर म्हनले, हलतं चित्र बघून डोक्याला तान येतो," शोभा म्हणाली. खाटेवरून गुरुजी तिच्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर बातम्या चालू होत्या. ती त्यांच्या डोळ्यांत बघूनच बोलत होती. "आवाज ऐकू द्या म्हनले. आवाजानं मानसाला बरं वाटतं."

"असं म्हणाले? मग ठीक. पण कॅमेरा तरी घेऊ तिथे. मला इथून बघता येईल. नेटची वायर तिथपर्यंत जातेच आहे."

"अन् त्यांचं मी धुते-पुसते, कपडे बदलते, ते बघनार व्हय तू? सूनबाई बघनार? मनवा बघनार?"

सुहासला आईच्या तोंडून असलं ऐकायची सवय नव्हती. "बरं बरं," तो घाईने म्हणाला. "फाटकावर एक लावू. मग तर झालं?"

"फाटकावर लाव की."

फोन ठेवून ती गुरुजींना भरवायला बसली. त्यांनी तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने त्यांनी रिमोट छातीशी धरला होता, लहान पोराने खेळणं धरावं तसा. "ते, ते," ते म्हणाले. "व्हय," शोभा म्हणाली, "तेच ते." आणि गालात बोट घालून तिने घास सरकवला.

गिलाव्याच्या आदल्या संध्याकाळी ती प्लॉटवर एकटीच गेली. पाइप भिंतीत बसले होते, त्यांच्यासाठी खोदलेल्या झिऱ्या भरल्या होत्या. बाबांच्या खोलीत, पलंगाच्या उशाच्या बाजूला, तिने सांगितलं नव्हतं तिथे एक लोखंडी डबी बसवलेली होती. रिकामी. तिच्यातून एक पाइप भिंतीतून आरपार हॉलकडे गेला होता. तिने दाऊदला फोन लावला.

"ऱ्हाऊ द्या ओ काकू. मीच टाकून ठिवला. उद्या मन बदललं तर भिंत फोडायला नको. काकांनी शिकवलंय मला. लई कान पिळलेत, पन शिकवलंय."

"बरं," ती म्हणाली. ओट्याजवळ मिस्त्र्यांनी झाकून ठेवलेला सिमेंटचा माल अजून ओला होता. तिने फडात विळा धरलेल्या हाताने त्याचा गोळा उचलला आणि डबीत दाबला. बोटांनी आत ढकलला, तळव्याने सारखा केला. सिमेंट गार होतं. तिला श्रीमंतच्या कपाळाची आठवण झाली. तेही असंच गार होतं, आणि त्यावर असंच काहीतरी सारखं करत तिचा हात फिरला होता. सकाळी मिस्त्र्यांनी त्यावरून गिलावा मारला. दाऊद आला तेव्हा भिंत कोरी होती. तो बराच वेळ ती चाचपत उभा राहिला. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

दसऱ्याला ती नव्या घरात राहायला गेली. वास्तुशांत झाली, पुण्याची मंडळी जेवून परत गेली. हॉलच्या भिंतीला मोठा टीव्ही लागला, खाटेएवढा. गुरुजींना पलंगावर ठेवलं. त्यांची नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवरून फिरली, कोपऱ्यात गेली, छताला गेली, पुन्हा भिंतीवर आली. मग ते शोभाकडे बघू लागले. "आराम करा," ती म्हणाली. तिने दार लोटून घेतलं, हॉलमध्ये सोफ्यावर बसली, आणि रिमोट दाबला. तो हातात धरायला जड असेल असं तिला वाटत होतं. तो अगदीच हलका होता.

मालिका लागली. थोड्या वेळाने भिंतीतून आवाज आला. ठक. ठक. डाव्या हाताची बोटं. शोभाने आवाज वाढवला. ठकठक वाढली. तिने आणखी वाढवला, आणि मग पलीकडे शांत झालं. हे रोजचंच झालं. ते ठोकत, ती आवाज वाढवी. याला ती मनात बोलणं म्हणे. लग्नाला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती आणि आता कुठे त्यांच्यात सवाल-जबाब सुरू झाला होता.

एकच गोष्ट तिला सुखाने बसू देत नव्हती. चित्र. पडद्यावर इतकी तोंडं, इतके रंग, इतके दागिने. आणि त्यात तिला बोलणं सापडेना. कुणाचं कोण हेच कळेना. सोफ्यावर बसून ती डोळे ताणून बघायची आणि तिला वाटायचं, हे लोक चुकीची तोंडं लावून आलेत. मग एक दिवस तिने डोळे मिटून घेतले. मिटताच सगळं सरळ झालं. ठेंगणी बाई आली, तीळ आला, काटकुळा म्हातारा आला. तेव्हापासून ती डोळे मिटूनच बसे. भिंतीच्या अलीकडे ती मिटल्या डोळ्यांनी ऐके, पलीकडे ते उघड्या डोळ्यांनी ऐकत, आणि खाटेएवढा पडदा रिकाम्या हॉलला चित्रं दाखवत राही. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला. इतकं करून शेवटी वाट्याला काय, तर तेच. मग तिने गुरुजींच्या जेवणाची वेळ मालिकेनंतर ढकलली. मालिकेनंतर दुसरी मालिका असे. फोन वाजला तरी ती उचलत नसे, सुहासला तिने सांगून टाकलं होतं, "टीव्हीच्या टायमाला फोन करीत जाऊ नको." शेजारच्या प्लॉटवरची लंकाबाई एकदा बसायला आली, तर शोभाने डोळे न उघडताच तिला "नंतर ये" म्हटलं. लंकाबाई पुन्हा आली नाही. "मास्तरीण लई बडी झाली," ती गल्लीत सांगत सुटली.

त्या सोमवारी दुपारी ती जेवून सोफ्यावर बसली. गुरुजींचं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं. मालिकेत कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत नव्हतं, दडवत होतं. शोभाचा डावा हात खांद्यापासून जड झाला, जणू कुणी मोळी ठेवली. मोळी वाढत गेली. पाठीवर आली, छातीवर आली. श्रीमंत असाच खाली होता का, तिला वाटलं, आणि वरून त्याला बोलण्याचे आवाज येत होते का? ठक, भिंत म्हणाली. ठक, ठक. आता आवाज वाढवला पाहिजे, शोभाने ठरवलं. रिमोट बोटांत होता. बटण सापडेना. पडद्यावरची बाई म्हणत होती, मी तुला आधी सांगायला हवं होतं, आणि मग शोभाच्या कानात ती शिट्टी सुरू झाली, लांबलचक, सगळं घर फाडत जाणारी, आणि तिने कान दिला की ही संपली म्हणजे नाव ऐकू येईल.

टीव्ही चालू राहिला. त्या दिवशी, त्या रात्री, दुसऱ्या दिवशी. लंकाबाईला आवाज येत होता. "टीव्ही चालू म्हनजे घरात हायेत, असंच कुनीबी समजंल की," ती नंतर म्हणाली. "अन् आतून ठोकाठोकी चाललेली. नवं घर हाय, म्हनलं काय तरी फिटिंग ऱ्हायलं आसंल." सुहासने फोन केले, आई मालिका बघत असेल म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही. फाटकावरचा कॅमेरा त्याला बंद फाटक दाखवत होता, आणि बंद फाटकात वावगं काही नव्हतं. बुधवारी सकाळी त्याला त्या चित्रात दिसलं, की फाटकाला कालची दुधाची पिशवी तशीच आहे आणि दूधवाला तिच्यावर आजची अडकवून गेला. त्याने दाऊदला फोन लावला. दाऊदने मागचं दार पहारीने उचकटलं.

गुरुजी जिवंत होते. पलंगावरून अर्धे खाली लोंबत होते, डाव्या हाताची बोटं सोलून निघाली होती. जिथे ते ठोकत होते तिथला गिलावा फुटून पडला होता आणि शोभाने हाताने भरलेला मालाचा गोळा निसटून उशीवर आला होता. लोखंडी डबी उघडी पडली होती. तिच्यातल्या पाइपातून हॉलमधला टीव्ही स्पष्ट ऐकू येत होता. गुरुजींनी त्या भोकाला कान लावला होता. दाऊदने त्यांना उचलून सरळ केलं, पाणी पाजलं. "काकू गेल्या, काका," तो म्हणाला. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, आणि डावा हात पुन्हा भिंतीकडे नेला.

सुहासने त्यांना पुण्याला नेलं. तिथे त्यांच्या पायथ्याशी टीव्ही लावला. तो चालू केला की ते भिंत शोधतात आणि ठोकू लागतात, म्हणून आता लावत नाहीत.

शोभा रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, दुपारी वारली. नारायण गुरुजी अजून आहेत.